वस्तूचीही तालीम



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ शेंदूरजनाघाटात ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याकडे एक लोखंडी पेटी होती. हिरव्या रंगाची, कोपरे चेपलेली, झाकणावर पांढऱ्या रंगानं लिहिलेला एकच शब्द : नाटक. तुमच्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्यांनी ती पाहिली असेल. तिच्यात कंदील होता, दोन पानदानं होती, टाक-दौत होती, काचा नसलेले चार चष्मे होते, एक बंद पडलेला टेलिफोन होता. प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर नाटकाचं नाव, पात्राचं नाव आणि खाली जागा : 'दुसरा अंक, डावी विंग, स्टुलावर.' शाळेच्या हजेरीपटासारखं ते सगळं चोख होतं. मी तेव्हा चित्रकलेचा नवा मास्तर. गुरुजींनी मला पडदे रंगवायला बोलावलं आणि महिनाभरात या पेटीची किल्ली माझ्या हातात दिली. त्या दिवसापासून मी पडद्यामागचा माणूस झालो.

नाटकातल्या नेपथ्याविषयी बोलायचं तर विषय मोठा आहे. मी त्यातल्या एकाच गोष्टीवर भर देणार आहे, कारण चाळीस वर्षं विंगेत उभा राहून माझी तीच एक खात्री झाली आहे. रंगमंचावर येणाऱ्या वस्तूला नटाइतकीच तालीम लागते. आपल्या भागातली हौशी नाटकं पडतात ती बहुतेक वेळा इथंच पडतात. पाठांतर पक्कं असतं, आवाज चांगले असतात, सेटवर पैसाही खर्च झालेला असतो. आणि नटाच्या हातातली वस्तू मात्र प्रयोगाच्या दिवशी दुपारी कुणाच्या तरी घरून मागून आणलेली असते.

आमच्यावर ही वेळ आली ती राज्य नाट्य स्पर्धेच्या अमरावती केंद्रावर. नाटक शेतीच्या वाटणीचं होतं. म्हातारा बाप ओसरीवर बसून सुपारी कातरतो आहे आणि दोन मुलं त्याच्या देखत शिवार वाटून घेत आहेत, असा प्रवेश. बापाला त्या प्रवेशात बोलायचं फार थोडं. तो ऐकतो आणि कातरतो. मोठा मुलगा म्हणतो, विहीर माझ्याकडे. तेव्हा बापाचा हात थांबतो आणि तो एक वाक्य बोलतो. सगळं नाटक त्या वाक्याकडे निघालेलं. तालमीत आमच्या नटाच्या हातात अडकित्ता म्हणून कंगवा असायचा. "प्रयोगाला खरा देऊ," असं मीच म्हणत होतो. प्रयोगाच्या दिवशी खरा आणला, चांगला जुना, पितळी मुठीचा, आणि पहिल्या घंटेला त्याच्या हातात दिला. अडकित्ता हे साधं हत्यार नाही. सुपारी पात्यावर नेमकी बसवावी लागते, अंगठ्यानं धरावी लागते, दाब एका बाजूला गेला की ती निसटते. बोलता बोलता त्यानं दाबलं, अख्खी सुपारी उडाली आणि पहिल्या रांगेत जाऊन पडली. सभागृह हसलं. नट घाबरला, त्यानं अडकित्ता खाली ठेवून दिला. मग विहिरीची गोष्ट निघाली, बाप बोलला, पण थांबायला हातात काहीच चालू नव्हतं. ते वाक्य कुणाच्या कानात शिरलं नाही.

परतीच्या एसटीत मोर्शी गेलं, वरूड आलं, तरी गुरुजी बोलले नाहीत. वरूडच्या स्टँडवर उतरल्यावर म्हणाले, "मास्तर, वस्तूनं दगा नाई देल्ला. आपण तिले तालमीत बलावलंच नाई."

पुढच्या वर्षी गणपतीत तेच नाटक गावात केलं. या वेळी पहिल्या वाचनाच्या दिवशीच अडकित्ता नटाच्या मांडीवर. तो पोरगा महिनाभर सुपारी कातरत बसला. घरी, शाळेच्या मधल्या सुट्टीत, संत्र्याच्या बगीच्यात राखणीला गेला तरी. शेवटी शेवटी तो न पाहता कातरायचा, आणि कातरण्याचा त्याचा एक ताल जमला होता. प्रयोगात मोठ्या मुलाचं बोलणं चालू आणि त्याखाली तो आवाज, कट्, कट्, कट्. "विहीर माझ्याकडे." आवाज थांबला. मी विंगेतून पाहत होतो. मांडवात पुढे बसलेल्या बायांनी एकदम माना वर केल्या. बाप अजून बोललाच नव्हता, पण सगळ्यांना कळलं होतं.

ही जाण आपल्या परंपरेत फार जुनी आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत : आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य. वेशभूषा, रंगभूषा, अलंकार, शस्त्रं, रथ, डोंगर हे सगळं आहार्यात येतं. माझ्यासारख्याला त्यातली मोलाची गोष्ट ही वाटते की भरतांनी त्याला 'अभिनय' म्हटलं, सजावट म्हटलं नाही. वस्तू कशा बनवाव्यात तेही त्यांनी सांगितलं. बांबू, चटया, कातडी जोडून केलेल्या त्या संधिम. यंत्रानं चालणाऱ्या त्या व्याजिम. कापड गुंडाळून केलेल्या त्या वेष्टिम. आणि बजावून सांगितलं की वस्तू हलक्या करा. खऱ्या लोखंडाची शस्त्रं नकोत, जड दागिन्यांनी नट थकतो, लाखेचे आणि पातळ पत्र्याचे करा. म्हणजे त्यांच्या मनात पहिला विचार नटाच्या हाताचा आणि दमाचा होता.

त्याच परंपरेतलं शूद्रकाचं मृच्छकटिक पाहा. देवलांनी ते मराठी संगीत रंगभूमीवर आणलं. नाटकाचं नावच एका खेळण्यावरून आहे, मातीच्या गाड्यावरून. चारुदत्ताचा मुलगा शेजारच्या पोराच्या सोन्याच्या गाड्यासाठी रडतो, वसंतसेना आपले दागिने काढून त्या मातीच्या गाड्यात भरते. तिथं प्रेक्षकाचे डोळे पाणावतात. तेच दागिने पुढे न्यायसभेत मैत्रेयाच्या काखेतून खाली पडतात आणि चारुदत्तावरच्या खुनाच्या आरोपाचा पुरावा होतात. एका प्रवेशात माया, दुसऱ्यात फासाचा दोर, वस्तू तीच. आता हे दागिने नटाला ऐनवेळी दिले आणि काखेत नीट धरता आले नाहीत, तर ते दोन ओळी आधीच पडतील आणि नाटक तिथंच संपेल.

वस्तूवरून नाटकाला नाव देण्याची ही रीत आपल्या विदर्भाशी जोडलेल्या नाटकांत पुन्हा पुन्हा दिसते. तीन उदाहरणं मी घेतो.

पहिलं राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला'. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले. सावनेर इथून काही फार दूर नाही, संत्र्याच्या गाड्या रोज जातात. त्यानंतर महिन्याच्या आत, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्यात 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग केला. गणपतराव बोडस सुधाकर, बालगंधर्व सिंधू. तळीरामाच्या नादानं सुधाकर जो पहिला प्याला उचलतो, तिथपासून ते घर ढासळत जातं. हातात धरलेल्या त्या प्याल्याचं वजन प्रत्येक अंकात वाढलं पाहिजे. मी आमच्या नटांना सांगत असे : पहिल्या अंकात तुम्ही प्याला उचलता, शेवटी प्याला तुम्हाला उचलतो. पेल्यात कोरा चहा असतो हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. तरी तो ओठाला लागताना त्याच्या पोटात कालवलं पाहिजे, आणि ते काम एकट्या नटाचं नाही. पेला कोणत्या धातूचा, तो चौरंगावर ठेवताना आवाज किती होतो, तो सिंधूपासून किती हातांवर आहे, हे सगळं आधी ठरवावं लागतं.

याच नाटकानं गंधर्व मंडळीलाही एक धडा दिला असं मला वाटतं. ही मंडळी वैभवासाठी प्रसिद्ध. खरे शालू, खरे गालिचे, अत्तराचा घमघमाट. खाडिलकरांच्या 'द्रौपदी'साठी मयसभा उभारली, तिचा खर्च मंडळीच्या अंगावर आला. पण बालगंधर्वांची कोणती वस्त्रं लोकांच्या मनात राहिली, तर सिंधूचं ठिगळ लावलेलं लुगडं. ज्या नटाच्या अंगावर भरजरी पाहायची सवय त्याला फाटक्यात पाहून लोक हळहळले. जात्यावर बसलेली सिंधू आणि ते लुगडं, मयसभेच्या खांबांपेक्षा जास्त टिकलं. मी वैभवाच्या विरुद्ध नाही. त्या काळी लोक बैलगाड्या जोडून ते वैभव पाहायला जात, त्यांच्या आयुष्यात तेवढाच एक राजवाडा येत असे. पण रंगमंचावर किंमत कामावरून ठरते, बिलावरून ठरत नाही.

दुसरं उदाहरण अमरावतीचं. वीर वामनराव जोशींचं 'रणदुंदुभी', १९२७ सालचं, बळवंत संगीत मंडळीनं केलेलं, मास्टर दीनानाथांच्या गाण्यानं गाजलेलं. देशाची झोप मोडायची तर नाव एका वाद्याचं द्यायचं, हे वामनरावांसारख्या स्वातंत्र्यसैनिकालाच सुचावं. तिसरं 'कट्यार काळजात घुसली', नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, १९६७ सालचं. त्यातले खाँसाहेब म्हणजे डॉ. वसंतराव देशपांडे, जन्म अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचा. राजगायकाला दरबाराकडून मिळालेली ती कट्यार, तिनं केलेला एक खून माफ. कट्यार म्यानात असते तोवरच नाटकाचा ताण असतो. आपल्याकडच्या एका होतकरू संचाच्या प्रयोगात मी पाहिलं, खाँसाहेबांच्या कमरेची कट्यार लाकडी खेळण्यासारखी लटपटत होती. गाणं सुंदर चाललं होतं. पण जिच्यामुळे खून होऊ शकतो ती वस्तू लटपटली की भीतीही लटपटते.

नव्या मराठी नाटकात वस्तूला सगळ्यात नेमकं कुणी वापरलं असं मला विचाराल, तर मी तेंडुलकरांचं नाव घेईन. 'शांतता! कोर्ट चालू आहे', रंगायननं १९६७ मध्ये केलेलं, अरविंद देशपांडे दिग्दर्शक, सुलभा देशपांडे बेणारेबाई. मुंबईची हौशी मंडळी एका गावात अभिरूप न्यायालय करायला येतात. नाटक सुरू होतं आणि बेणारेबाईंचं बोट दाराच्या कडीत चेमटतं. प्रेक्षक हसून पुढे जातो. पुढे खेळ खेळ म्हणता तिची खरीच चौकशी सुरू होते, ती निघून जायला उठते, आणि तीच कडी बाहेरून बसलेली असते. एका दाराच्या एका कडीनं आधी बोट धरलं, मग माणूस धरला. त्याच खोलीतलं फर्निचर ओढून साक्षीदाराचा पिंजरा केलेला असतो. काशीकर कान कोरत न्यायदान करतात. बाईंच्या पर्समधून टिक-ट्वेन्टी या कीटकनाशकाची बाटली निघते. आणि शेवटी गावातला साधा माणूस, सामंत, भाच्यासाठी घेतलेला कापडी हिरवा पोपट हळूच तिच्याजवळ ठेवून जातो. एवढ्या मोठ्या क्रूरपणानंतर माणुसकी म्हणून रंगमंचावर उरतो तो एक कापडी पोपट.

हे नाटक आम्ही केलं तेव्हा कडी बसवायला मला तीन दिवस लागले. नुसती कडी दाराला ठोकली की झालं असं वाटलं होतं. पण दार बाहेर उघडायचं की आत, कडी कोणत्या बाजूला, बोट चेमटताना बाईंचा चेहरा लोकांकडे राहील का, बाहेरून कडी आपोआप कशी पडेल, पडली की आवाज शेवटच्या रांगेत जाईल का? हे सगळं दार उघडण्या-मिटण्याच्या हातभर जागेत बसवायचं. शेवटी कडी पडायला मागे एक माणूस उभा केला. त्याचं नाव जाहिरातीत नव्हतं, पण त्याची तालीम बेणारेबाईंइतकीच झाली होती.

आता सेटविषयी. माझ्या मते सेटचं पहिलं काम नटाच्या पायाला वाट देणं, चित्र दिसणं ही नंतरची गोष्ट. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा पडदा, सूत्रधार आणि राक्षसांचा धिंगाणा, यावर भागलं. कोकणात दशावतारी आजही एका बाकड्यावर भागवतात. ते सिंहासन होतं, पर्वत होतं, पलंग होतं. चीनच्या पेकिंग ऑपेरातही हीच रीत, एक टेबल आणि दोन खुर्च्या. दुसऱ्या टोकाला अत्र्यांचं 'तो मी नव्हेच', ८ ऑक्टोबर १९६२ ला दिल्लीत पहिला प्रयोग, आणि त्याचा फिरता रंगमंच. लखोबा लोखंडे कोर्टात उभा आहे आणि पुढच्या क्षणी तो दुसऱ्या गावात, दुसऱ्या नावानं. मध्ये पडदा पाडून दोन मिनिटं गेली असती तर फसवणुकीचा तो झपाटाच गेला असता. यंत्र तिथं आशयाच्या कामी आलं. आणि १९७२ च्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये जब्बार पटेलांनी माणसांचीच रांग उभी केली. तोच पडदा, तीच भिंत, तेच पुणं. सगळं गाव एका माणसाचं पाप पाठीआड झाकतं आहे, हे त्या पाठींनीच सांगितलं. तीन वेगळे मार्ग, आणि तिन्ही बरोबर, कारण तिन्हींत सेट नाटकातलं काहीतरी करतो आहे.

आपल्या मातीतलं उदाहरण महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'चं. विदर्भातलं धरणगाव, देशपांड्यांचा वाडा, १९८५ मध्ये विजया मेहतांनी बसवलेला. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर. तो विकताही येत नाही, चालतही नाही. आपल्यापैकी किती घरांच्या अंगणात असं काहीतरी उभं आहे! वाडा करायचा म्हणून पुण्या-मुंबईकडच्या वाड्याचा फोटो पाहून कमानी काढू नका. आपल्या भागातली ओसरी किती उंच, पायरीला किती झीज, धाब्याच्या घरातला धूर भिंतीवर कुठवर चढतो, हे जाऊन पाहा, मोजून घ्या.

थोडं हत्यारांचं सांगतो, तरुणांसाठी. फ्लॅट, म्हणजे सेटच्या कापडी भिंती, करताना आपण संत्र्याच्या खोक्यांच्या फळ्या वापरतो, स्वस्त पडतात म्हणून. त्या पातळ आणि आखूड. जाळीला, खिडकीच्या झडपेला ठीक. दाराच्या चौकटीला नाही. चौकट सागाची किंवा निदान चांगल्या जाड बल्लीची हवी. वर मांजरपाट ताणून सरसाचा हात द्या, वाळला की कापड ढोलकीसारखं तटतटतं, मगच रंग. आणि प्रत्येक फ्लॅटला मागून तिरका टेकू, टेकूच्या पायावर रेतीचं पोतं. रागानं दार आपटलं की भिंत हलते, हे मी स्पर्धांमध्ये किती वेळा पाहिलं! भिंत हलली की त्या नटाचा राग खोटा पडतो. बिचाऱ्याचा काही दोष नसतो.

आपल्या गावचा प्रेक्षक वस्तूच्या बाबतीत फार कडक आहे, हे मला संत्र्यांनी शिकवलं. एका प्रवेशात टोपल्यांत संत्री ठेवली होती, काळ फाल्गुनाचा, म्हणजे मृगबहाराचा. मी आणली ती आधीच्या आंबिया बहाराची, साठवणीतली, हिरवट छटेची. प्रयोग संपल्यावर एक शेतकरी आत आले आणि म्हणाले, "मास्तर, शिमग्यात हे फळ कुठून आणलं?" त्यांना नाटक आवडलं होतं, रागावले नव्हते. पण तेवढा वेळ ते नाटकातून बाहेर जाऊन आपल्या बगीच्यात फिरून आले होते. पुढच्या प्रयोगाला मृगाची आणली, आणि नायिकेला एक सोलायला सांगितलं. सालीचा वास तिसऱ्या रांगेपर्यंत गेला. त्यानंतर तिला शेतात आहोत असं बोलून सांगावं लागलं नाही.

आणि हाताला वस्तूची ताकद कळलेला आपल्या वऱ्हाडातला सगळ्यात मोठा माणूस नाटकवाला नव्हता. शेंडगावचे डेबूजी, आपले गाडगेबाबा. हातात खराटा, अंगावर चिंध्यांची गोधडी आणि जवळ फुटक्या मडक्याचं खापर. लोकांनी त्यांचं नावच त्या गाडग्यावरून ठेवलं. बाबा गावात आले की आधी झाडायचे, रात्री कीर्तन करायचे. कीर्तनात स्वच्छतेबद्दल जे बोलत ते दिवसभर त्या खराट्यानं बोलून झालेलं असे. तो खराटा रोज वापरून झिजलेला असे, दाखवण्यासाठी हातात धरलेला नसे. म्हणून त्यावर लोकांचा विश्वास बसला. मी नटांना नेहमी हेच उदाहरण देतो. वस्तू इतकी वापरा की ती तुमच्या हातानं झिजेल.

गुरुजींची पेटी आता माझ्या घरी आहे. चिठ्ठ्या फाटल्या होत्या, मी नव्यानं लिहिल्या. पण पेटी अपुरी पडते, आणि गावातली जुनी घरं पाडली जात आहेत. गेल्या वर्षात मी भंगाराच्या गाडीवर पितळी समई पाहिली, लाकडी पाळण्याचे खांब पाहिले, धान्य मोजायची पायली पाहिली. उद्या एखादी मुलगी इथं सिंधू करेल तेव्हा तिला जातं कुठून द्यायचं? थर्माकोलचं जातं ओढताना दंडावर ताण येत नाही, आणि ताण आला नाही तर तिचा आवाजही तसा येत नाही.

माझी तुम्हाला विनंती आहे. घर मोकळं करताना जुनी वस्तू भंगारात देण्याआधी एकदा मला निरोप द्या. जातं, पायली, कंदील, अडकित्ता, आजोबांची काठी, काही असो. नगरपरिषदेनं एक लहान खोली द्यावी, तिथं आपण सगळं मांडून ठेवू, चिठ्ठी लावून, कुणाच्या घरची वस्तू ते लिहून. आणि नाटक बसवणाऱ्या पोरांनो, गणपतीनंतर तालमी सुरू होतील. पहिल्या दिवशी संहिता घेऊन याल तेव्हा हातात धरायच्या वस्तूही सोबत आणा.